अंधार पडायच्या आत

तलवाड्याच्या डोंगरावर त्वरितादेवी आहे. गेवराई तालुक्यातल्या या गावाचं नाव दूरवर माहीत आहे ते तिच्यामुळे. देवीच्या नावातच त्वरा. मागच्या आठवड्यात दर्शन घेऊन खाली आलो, हॉटेलात चहा सांगितला आणि लाईट गेली. बाकड्यावरचे एक आबा त्या अंधारातच म्हणाले, "तरणा होतो तव्हा बटन दाबून अंधार पडायच्या आत म्या गोधडीत असायचो बगा!"

सगळे हसले. गिऱ्हाइकांचे कप गोळा करणाऱ्या हॉटेलवाल्याच्या मुलीने, नववीत असेल ती, विचारलं, "आबा, पण अंधार पडायला किती वेळ लागतो?"

"आगं, जोक हाय तो. हास की!" मागून कुणीतरी म्हणालं.

असंच वाक्य मी सहावीत ऐकलं होतं. वर्गात असाच काहीतरी प्रश्न विचारला, तेव्हा 'हसायचं तिथं हसावं' एवढंच उत्तर मिळालं, आणि पुढे कितीतरी दिवस मी हात वर केला नाही. म्हणून या वेळी मीच म्हणालो, "पोरीचा प्रश्न बरोबर आहे. सांगा कुणीतरी."

आबांचा विनोद तसा जगप्रसिद्ध आहे. मुष्टियोद्धा मुहम्मद अलीने १९७४ साली जॉर्ज फोरमनशी लढण्याआधी हीच फुशारकी मारली होती. अलीचं नाव आबांनी ऐकलेलं नव्हतं. गावोगावच्या तरण्याबांड पोरांना अशी फुशारकी आपापलीच सुचत असणार.

कोपऱ्यात एक निवृत्त गुरुजी होते. त्यांनी हिशेब मांडला. उजेड एका सेकंदात जवळजवळ तीन लाख किलोमीटर जातो, म्हणजे पृथ्वीला साडेसात फेऱ्या. बल्बपासून भिंत तीन मीटरवर धरली, तर तिथं पोचायला सेकंदाचा दहा कोटीवा भाग पुरतो. "आबा, एवढ्यात तुमचा पायसुद्धा उचलायचा नाही."

तिथंच बसलेल्या एका वायरमनला हे पटेना. म्हणाला, "गुरुजी, तुमी उजेडाचा येळ धरला, बल्बचा कुठं धरला? आबाच्या तरणपणी पिवळे बल्ब होते." मुद्दा बिनतोड होता. पिवळ्या बल्बातली टंगस्टनची तार अडीच हजार अंशांच्या आसपास तापलेली असते. बटण बंद केलं तरी ती एकदम थंड होत नाही. आधी लालसर होते, मग विझते, आणि त्यात सेकंदाचा दहावा भाग सहज जातो. आताच्या काही एलईडी दिव्यांतही साठलेल्या विजेमुळे बटण बंद केल्यावर क्षणभर मंद उजेड राहतो. म्हणजे खोलीत अंधार व्हायला जो वेळ लागतो, तो जवळजवळ सगळा दिव्याचा. उजेडाचा वाटा त्यात नावापुरता.

"आन् भिंतींचं काय? चुन्याची भिंत उजेड माघारी फेकती," हॉटेलवाला म्हणाला. खरं आहे. उजेड भिंतीभिंतींवर आपटत राहतो. दर वेळी पाचवा हिस्सा भिंतीत जिरतो असं धरलं, तरी शंभर वेळा आपटल्यावर नाव घेण्याजोगं काही उरत नाही. या सगळ्या येरझाऱ्यांना मिळून सेकंदाचा दहा लाखावा भाग लागतो. मी हे मोबाईलवर आकडे मारून सांगितलं, तेव्हा आबा स्वतःच म्हणाले, "मंग म्या हरलो."

पण गुरुजींनी जो आकडा एका दमात सांगितला, तो मिळवायला माणसाला फार झटावं लागलं, हे पोरांना कुणी सांगत नाही याची मला चुटपुट लागते. पाठ्यपुस्तकात आकडा तेवढा असतो. गॅलिलिओने दोन माणसांच्या हातात झाकलेले कंदील देऊन पाहिलं. एकाने झाकण काढायचं, त्याचा उजेड दिसताच दुसऱ्याने काढायचं. मैलभराच्या आतल्या त्या अंतरात त्याला काही फरक सापडला नाही. देवीच्या डोंगरावर एक आणि खाली स्टँडवर एक असं उभं राहून तलवाड्यातही हा प्रयोग करता येईल. त्यात उजेडाऐवजी आपल्या हाताचाच वेग मोजला जाईल, आणि नेमकं हेच पोरांना कळायला हवं.

उजेडाला वेळ लागतो हे रोमर या डॅनिश खगोलशास्त्रज्ञाने १६७६ साली पॅरिसमध्ये दाखवलं. शिवरायांच्या राज्याभिषेकाला तेव्हा दोनच वर्षं झाली होती. गुरूच्या एका चंद्राची ग्रहणं पृथ्वी दूर असताना उशिरा दिसतात आणि जवळ असताना लवकर, हे त्याने ताडलं. हा उशीर चंद्राचा नव्हता, वाटेत असलेल्या उजेडाचा होता.

मुलगी एवढा वेळ गप्प होती. आता म्हणाली, "मग बल्ब लांब ठेवला तर?"

"किती लांब?"

"चंद्रावर. बटन इथं, बल्ब तिथं."

गुरुजींनी चहाच्या बशीखालचा कागद ओढला. चंद्र सरासरी ३,८४,४०० किलोमीटरवर. इथून बटणाचा संदेश रेडिओलहरींनी जाणार. त्यांचाही वेग उजेडाइतकाच, म्हणजे पोचायला १.२८ सेकंद. बल्ब विझला तरी त्याआधी निघालेला उजेड वाटेत आहे. तो संपायला आणखी १.२८ सेकंद. दोन्ही मिळून २.५६. "आबा, बटणापासून गोधडी किती लांब होती?"

"चार पावलं."

"मग जिंकलात तुम्ही!"

हॉटेलात जो हशा उठला, तो पहिल्यापेक्षा मोठा होता. हिशेब घातल्याने विनोद मरतो असं म्हणणाऱ्यांनी तो ऐकायला हवा होता.

मुलीचा चंद्र कल्पनेतला असला, तरी त्याचा हिशेब खरा आहे. अपोलो ११ च्या माणसांनी १९६९ साली चंद्रावर आरसे ठेवले. त्यांवर इथून लेझरचा झोत टाकला की परत यायला अडीच सेकंदांच्या आसपास लागतात. त्यावरून चंद्राचं अंतर आजही मोजलं जातं. चांद्रयान-३ चा विक्रम लँडर २३ ऑगस्ट २०२३ रोजी उतरला तेव्हा उतरण्याचे निर्णय त्याचे त्यालाच घ्यायचे होते. इथून बघून हुकूम सोडण्यात तेवढे सेकंद हातचे गेले असते. चंद्र तरी जवळचा. गेवराई तालुक्यातच गोदाकाठी राक्षसभुवनला शनीचं ठाणं आहे. आकाशातल्या शनीचा उजेड तर आपल्यापर्यंत यायला कधी सव्वा तास घेतो, कधी दीड तास.

निघताना त्या मुलीला सांगितलं, आपल्याच मराठवाड्यात, हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथला लायगोची वेधशाळा व्हायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ च्या एप्रिलमध्ये तिला मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन काटकोनी नळ्यांतून लेझरचा उजेड ये-जा करील आणि दोन्हींकडून परतलेल्या उजेडातल्या अत्यंत सूक्ष्म फरकावरून गुरुत्वलहरी टिपल्या जातील. तिने नाव वहीत लिहून घेतलं. तेवढ्यात लाईट आली.

वाचकांपैकी कुणाच्या गोठ्यात, देवघरात अजून पिवळा बल्ब असेल, तर आज रात्री बंद करताना पोराबाळांना घेऊन दुरून त्याच्या तारेकडे बघा. ती कशी विझते, किती वेळ लालसर राहते, ते पोरांनाच लिहायला सांगा आणि मला पाठवा.