कर्तृत्व आणि खुर्ची

ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातील कुर्डू गावी बेकायदा मुरूम उपशावर कारवाई करण्यासाठी एक तरुण पोलीस अधिकारी गेल्या. करमाळ्याच्या उपविभागीय पोलीस अधिकारी अंजना कृष्णा यांचे मूळ घर केरळात. भारतीय पोलीस सेवेत त्या नुकत्याच दाखल झालेल्या. जमावातील एका राजकीय कार्यकर्त्याने आपला फोन त्यांच्या हाती दिला. पलीकडे तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार होते. कारवाई थांबविण्यास सांगणारा हा आवाज खरोखर कोणाचा, हे आपल्याला कसे कळावे, तेव्हा आपल्या क्रमांकावर फोन करावा, असे या अधिकाऱ्याने शांतपणे सुचविले. पलीकडचा स्वर चढला. पुढे चित्रफीत सर्वदूर पोहोचली, एका आमदाराने तर या अधिकाऱ्याची कागदपत्रेच तपासावीत अशी मागणी लोकसेवा आयोगाकडे केली आणि टीका होताच दिलगिरी व्यक्त करून ती मागे घेतली. आपला हेतू कायद्याच्या कामात हस्तक्षेप करण्याचा नव्हता, तेथील वातावरण बिघडू नये एवढाच होता, असा खुलासा अजित पवार यांनीही केला.

या प्रसंगाची चर्चा महाराष्ट्रात पुष्कळ झाली. बहुतेकांनी ‘धीट मुलगी’ म्हणून कौतुक केले आणि विषय मिटला. वास्तविक त्या अधिकाऱ्याने धिटाई अशी काही दाखविलीच नव्हती. फोनवरील अनोळखी आवाजाच्या आज्ञेवरून सरकारी कारवाई थांबवू नये, हा साधा नियम त्यांनी पाळला. नियम पाळणे हे धाडस वाटावे अशी स्थिती का आली, हा एक प्रश्न. पण त्याहून मोलाचा प्रश्न पुढचा आहे. सेवेच्या आरंभीच असे प्रसंग वाट्याला येणाऱ्या महिला अधिकाऱ्यांपैकी किती जणी तीस वर्षांनी पोलीस महासंचालकाच्या किंवा मुख्य सचिवाच्या खुर्चीपर्यंत पोहोचतील? आणि ज्या पोहोचणार नाहीत, त्या नेमक्या कोणत्या वळणावर मागे पडतील?

महाराष्ट्राची स्थापना १ मे १९६० ची. राज्याला पहिल्या महिला मुख्य सचिव मिळाल्या ३० जून २०२४ रोजी. सुजाता सौनिक यांच्या त्या नियुक्तीपूर्वी चौसष्ट वर्षे लोटली होती. सावित्रीबाई फुले, रमाबाई रानडे, महर्षी कर्वे यांची नावे प्रत्येक भाषणात घेणाऱ्या राज्याला एवढा अवधी लागावा, हे भूषण खचित नव्हे. त्यातही एक सल आहे. सौनिक १९८७ च्या तुकडीच्या. डिसेंबर २०२३ अखेर पद रिक्त झाले तेव्हा ज्येष्ठतेने त्यांचा क्रम आधी होता. नियुक्ती मात्र १९८८ च्या तुकडीतील अधिकाऱ्याची झाली आणि त्या अधिकाऱ्याला पुढे तीन महिन्यांची मुदतवाढही मिळाली. सौनिक यांच्या वाट्याला एक वर्ष आले. ३० जून २०२५ रोजी त्या निवृत्त झाल्या. मुख्य सचिव निवडण्याचा अधिकार सरकारचा असतो, केवळ ज्येष्ठता हा त्याचा निकष नाही, हे मान्य. तरीही ‘पहिल्या महिला’ या बिरुदाचा गौरव करताना ते बिरुद सहा महिने उशिरा का मिळाले, हे विचारण्याची मोकळीक समाजाला असली पाहिजे. सरकार कोणाचेही असो. जवळचे सरकार असले म्हणजे प्रश्न गिळून टाकावा, असा नियम कोठेही लिहिलेला नाही.

त्याच वर्षी जानेवारीत रश्मी शुक्ला राज्याच्या पहिल्या महिला पोलीस महासंचालक झाल्या होत्या. त्याआधी नीला सत्यनारायण यांनी २००९ पासून पाच वर्षे राज्य निवडणूक आयुक्तपद सांभाळले, त्याही त्या पदावरील पहिल्याच. म्हणजे दारे उघडत आहेत, पण एकेक करून आणि फार सावकाश. केंद्राकडे पाहावे तर कॅबिनेट सचिवपदावर १९५० पासून २०२४ मधील टी. व्ही. सोमनाथन यांच्या नियुक्तीपर्यंत एकाही महिलेचे नाव नाही. देशाला दोन महिला राष्ट्रपती लाभल्या, एक पंतप्रधान लाभल्या. पण प्रशासनाच्या शिखरावरील ती एक खुर्ची तशीच राहिली. लोकशाहीत मतदार जे एका दिवसात करू शकतो, ते नोकरशाहीला पाऊणशे वर्षांत जमले नाही.

हा विलंब काही अंशी जुन्या नियमांची देणगी आहे. १९५१ मध्ये भारतीय प्रशासकीय सेवेत दाखल झालेल्या अन्ना राजम यांना मुलाखतमंडळाने परराष्ट्र किंवा अन्य केंद्रीय सेवा स्त्रियांना अधिक योग्य म्हणून सुचविल्या होत्या. त्या हटल्या नाहीत. त्यांच्या नियुक्तीच्या आदेशात विवाह झाल्यास सेवा संपुष्टात येईल अशी अट होती. पुरुष अधिकाऱ्याला लग्न म्हणजे हुंडा आणि मानमरातब, स्त्री अधिकाऱ्याला लग्न म्हणजे नोकरीवर पाणी! मद्रासमध्ये राजाजींसारखा थोर आणि विद्वान मुख्यमंत्री. पण त्यांनाही या तरुणीला जिल्ह्यात पाठविण्यापेक्षा सचिवालयात बसविणे बरे वाटत होते. तिने घोडेस्वारी आणि नेमबाजीचे प्रशिक्षण घेतले होते, ती जिल्ह्यातच गेली. याच अन्ना राजम मल्होत्रा यांनी पुढे न्हावा-शेवा बंदराच्या उभारणीची धुरा वाहिली. आज राज्यातील कंटेनर वाहतुकीचा केवढा तरी भार ज्या बंदरावर आहे, त्याच्या पायात एका स्त्रीचे प्रशासकीय कौशल्य आहे, हे किती मराठी घरांत ठाऊक असेल? परराष्ट्र सेवेतील सी. बी. मुथम्मा यांना तर बढतीसाठी सर्वोच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. १९७९ च्या त्या निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी स्त्री अधिकाऱ्याने विवाहासाठी सरकारची लेखी परवानगी घ्यावी या नियमावर कडक ताशेरे ओढले.

ते नियम गेले. मग आता अडते कोठे?

अडते ते वयाच्या हिशेबात, आणि हा हिशेब फारसा कोणी मांडत नाही. मुख्य सचिव दर्जाच्या श्रेणीसाठी साधारण तीस वर्षांची सेवा लागते. निवृत्तीचे वय साठ. जी मुलगी तेविसाव्या वर्षी सेवेत येते तिच्या हाती सदतीस वर्षे असतात. जी एकतिसाव्या वर्षी येते तिच्या हाती एकोणतीसच. दुसरीची गुणवत्ता पहिलीहून अधिक असली तरी शिखराची खुर्ची तिच्यासाठी पहिल्या दिवशीच बंद झालेली असते. आता सोलापूर, बार्शी, अकलूज, मंगळवेढा येथील घरांत काय घडते ते पाहावे. मुलगा पदवी घेताच पुण्याला किंवा दिल्लीला अभ्यासासाठी रवाना होतो. वडील कर्ज काढतात, आई दागिना मोडते. मुलीच्या बाबतीत ‘आधी हातात एखादी नोकरी असू दे’, ‘स्थळे येत आहेत तर बघून तरी घेऊ’, ‘एकटी कशी राहील’ अशा विचारांत तीन-चार वर्षे जातात. ही वर्षे कोणी हिरावून घेत नाही. प्रेमापोटी, काळजीपोटी, मायेच्या हातांनीच ती खर्ची पडतात.

दुसरी वाट राज्य लोकसेवा आयोगाची. घरापासून फार दूर नको, महाराष्ट्रातच राहता यावे म्हणून असंख्य हुशार मुली ती निवडतात आणि उपजिल्हाधिकारी होतात. ती सेवा सन्मानाचीच आहे. परंतु त्या वाटेने बढती मिळून भारतीय प्रशासकीय सेवेत प्रवेश होतो तो बहुधा पन्नाशीच्या आसपास. तेथून मुख्य सचिवपद दिसतही नाही. निवड करताना हे मुलीला आणि तिच्या पालकांना ठाऊक असावे, एवढी तरी अपेक्षा गैर नाही.

केंद्रीय परीक्षेचे निकाल आशा वाढविणारे आहेत. २०२२ च्या परीक्षेत ९३३ यशस्वी उमेदवारांत ३२० महिला होत्या आणि पहिले चारही क्रमांक मुलींचे होते. २०२३ च्या परीक्षेत १,०१६ पैकी ३५२. २०२४ च्या परीक्षेत मात्र १,००९ पैकी २८४. वाढ सरळ रेषेत नाही, याचे भान ठेवले पाहिजे. सोलापुरात भाजी विकून प्रपंच करणाऱ्या कुटुंबातील मुलगीही या यशस्वितांच्या यादीत झळकली. तिच्या आईवडिलांनी हिशेब मांडला नसेल, धीर मात्र धरला.

सोलापूरने स्त्रियांना अधिकाराच्या जागी पाहिले नाही असे मुळीच नाही. तेजस्वी सातपुते यांनी २०२० ते २०२२ या काळात सोलापूर ग्रामीणच्या पोलीस अधीक्षक असताना ‘ऑपरेशन परिवर्तन’ हाती घेतले. मुळेगाव तांड्यासारख्या वस्त्यांवर वर्षानुवर्षे धाडी पडत, हातभट्ट्या फुटत, चार दिवसांनी पुन्हा पेटत. धाड हे उत्तर नाही, हे त्यांनी ओळखले. गावे अधिकाऱ्यांना दत्तक दिली, घरोघरी संवाद केला, दारूभट्टी सोडणाऱ्या कुटुंबांना दुसरा रोजगार मिळावा यासाठी पाठपुरावा केला. कारवाईची सक्ती आणि पुनर्वसनाची कळकळ यांचा हा मेळ होता. बायका हळव्या असतात म्हणून हे सुचले, असे कोणी म्हणेल तर ते अन्यायाचे होईल; हा पोलीस प्रशासनाचा पक्का विचार होता आणि तो राबविण्यास हाताखालची शिस्त लागते. महापालिका आयुक्त म्हणून शीतल तेली-उगले, जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून मनीषा आव्हाळे, विद्यापीठाच्या कुलगुरू म्हणून डॉ. मृणालिनी फडणवीस यांनी याच शहरात काम केले. २०१७ मध्ये भारतीय जनता पक्षाला सोलापूरचे महापौरपद प्रथमच मिळाले तेही शोभा बनशेट्टी यांच्या रूपाने.

म्हणजे जिल्ह्याच्या पातळीवर स्त्री स्वीकारली गेली आहे. गळती त्यानंतर होते. मुले शाळकरी वयात असताना, सासू-सासरे थकलेले असताना, पती दुसऱ्या गावी असताना येणाऱ्या बदल्या हे एक कारण. अखिल भारतीय सेवांत आणि केंद्रात बालसंगोपनासाठी दोन वर्षांपर्यंतची रजा मिळते, राज्य कर्मचाऱ्यांना २०१८ पासून १८० दिवसांची. ती घेणाऱ्या अधिकाऱ्याकडे पुढच्या महत्त्वाच्या नियुक्तीच्या वेळी कसे पाहिले जाते, हे शासननिर्णयात लिहिलेले नसते. महिला-बालविकास, समाजकल्याण, शालेय शिक्षण ही खाती स्त्रियांकडे आणि महसूल, अर्थ, नगरविकास, गृह ही पुरुषांकडे, अशी न बोललेली वाटणीही असते. शिखरावर जाणाऱ्याची परीक्षा याच जड खात्यांत होते. सौनिक मुख्य सचिव होण्यापूर्वी गृह विभागाच्या अतिरिक्त मुख्य सचिव होत्या, हा योगायोग नव्हे. पंचेचाळिशीत ज्या अधिकाऱ्याला अर्थखाते कधी दाखविलेच नाही, तिला अठ्ठावन्नाव्या वर्षी ‘अनुभव कमी’ म्हणून बाजूला सारणे हा दुहेरी अन्याय आहे.

येथे अहिल्यादेवींची आठवण अपरिहार्य आहे. पंढरपुरातील होळकर वाडा आणि तेथील राममंदिर रोज शेकडो वारकरी पाहतात. सोलापूरच्या विद्यापीठाला २०१९ पासून त्यांचेच नाव आहे. २०२५ मध्ये त्यांच्या जन्माची त्रिशताब्दी गावोगावी साजरी झाली. व्याख्यानांतून त्यांचे देवळे, घाट आणि दानधर्म पुष्कळ सांगितले गेले. मल्हाररावांचे सांगणे मात्र कमी झाले. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पुत्र खंडेराव पडल्यावर या सासऱ्याने सुनेला सती जाण्यापासून परावृत्त केले, एवढ्यावर तो थांबला नाही. स्वतः मोहिमेवर असताना त्याने वसुली, रसद, तोफखान्याची सिद्धता यांची कामे पत्रे लिहून तिच्यावर सोपविली. १७६६ मध्ये मल्हारराव गेले, पुढच्या वर्षी मालेराव गेले आणि राज्याची सूत्रे अहिल्यादेवींच्या हाती आली, तेव्हा त्या दौलतीचा कारभार एका तपापासून शिकत आलेल्या होत्या. पुढच्या अठ्ठावीस वर्षांच्या राज्यकारभाराचे रहस्य जेवढे त्यांच्या पुण्याईत, तेवढेच त्या तालमीत आहे. मातृत्व, कर्तृत्व आणि नेतृत्व यांचे आदर्श म्हणून जिजाबाई, अहिल्याबाई, लक्ष्मीबाई यांना १९३६ पासून समोर ठेवणाऱ्या राष्ट्र सेविका समितीच्या घरांना हे निराळे सांगावयास नको. पण त्याच घरांतील पुरुषांना कदाचित सांगावे लागेल. मल्हाररावाचे काम त्यांच्याकडे आहे.

स्त्रियांनी घराबाहेर पडल्यास कुटुंबसंस्था ढासळते, असे म्हणणारा एक वर्ग अद्याप आहे. दुसरीकडे कुटुंब हीच स्त्रीच्या पायातील बेडी, असे मानणारा आणि सांगणारा वर्गही आहे. सोलापूरच्या विडी कामगार वस्त्यांतील हजारो स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या हाताने घर चालवीत आल्या आणि त्यांची कुटुंबे ढासळली नाहीत, की त्यांनी ती मोडलीही नाहीत. दोन्ही वर्गांनी एकदा त्या वस्तीत जाऊन यावे.

राज्याने यापुढे काय करावे, याविषयी फार मोठी यादी करण्याची गरज नाही. १९९४ च्या महिला धोरणाने आणि नोकऱ्यांतील ३० टक्के आरक्षणाने प्रवेशाचे दार उघडले. शिखराला आरक्षण लागू होत नाही आणि होऊही नये. परंतु महसूल, अर्थ, गृह, नगरविकास या खात्यांत दहा ते पंचवीस वर्षे सेवा झालेल्या किती महिला अधिकारी आहेत, हे शासनाने दरवर्षी विधिमंडळापुढे ठेवण्यास खर्च शून्य आहे. संगोपन रजा हा बढतीतील किंवा नियुक्तीतील उणेपणा मानला जाणार नाही, असा स्पष्ट आदेशही काढता येतो. आणि कनिष्ठ अधिकाऱ्याशी राजकीय पुढाऱ्याने बोलावे ते तिच्या वरिष्ठामार्फत, हा जुनाच दंडक पुन्हा बजावता येतो. कुर्डूत त्या दिवशी तो पाळला गेला असता तर चित्रफितीचा प्रश्नच उद्भवला नसता.

कुर्डूच्या त्या अधिकारी २०२३ च्या तुकडीच्या. तीस वर्षांची सेवा त्यांच्या तुकडीला २०५३ मध्ये पूर्ण होईल आणि महासंचालकपदासाठीची यादी त्या सुमारास तयार होऊ लागेल. त्या यादीतील नावे मात्र २०५३ मध्ये ठरणार नाहीत. कोणाला कोणता जिल्हा, कोणाला गुन्हे शाखा, कोणाला प्रशिक्षण केंद्रातील कोपरा, हे येत्या दहा-बारा वर्षांत मंत्रालयातील एकेका बदली-आदेशावर लिहिले जाईल.