विश्लेषण : कॅरव्हॅन ओढायची तर हूक कोणता? आधी गाडीचा आकडा पाहा

कोकणात किंवा महाबळेश्वरला जाताना छोटा कॅरव्हॅन ट्रेलर गाडीमागे लावून न्यायचा, ही कल्पना आता पुणेकरांना परकी वाटत नाही. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरणही आणले. मुक्कामाच्या जागा, वीज, पाणी यांची चर्चा त्यानंतर बरीच झाली. गाडी आणि ट्रेलर यांच्यामधल्या हातभर लोखंडाची मात्र फारशी झाली नाही. एसयूव्हीला मागे हूक बसवून घेतला की काम झाले, असे अनेक जण धरून चालतात. हे धरून चालणे धोक्याचे आहे.

हूकवरचा आकडा पुरेसा का नाही?

ऑनलाइन मिळणाऱ्या हूकवर ‘२००० किलो’ असे ठळक कोरलेले असते. तो आकडा त्या लोखंडाचा असतो, गाडीचा नव्हे. हूक ज्या पत्र्याला किंवा चासीला बोल्टने जोडला, तिची ताकद कमी असेल तर हूक शाबूत राहील आणि पत्रा फाटेल. गाडी किती वजनाचा ट्रेलर ओढू शकते आणि जोडणीवर उभा भार किती चालतो, हे दोन आकडे गाडीच्या कंपनीनेच द्यायचे असतात. आपल्याकडे अनेक गाड्यांच्या पुस्तिकेत ते नसतात. काहींत तर ट्रेलर ओढू नका, असेच स्पष्ट लिहिलेले असते. तसे असेल तर विषय तिथेच संपतो. बंद पडलेली गाडी ओढून नेण्यासाठी बंपरमध्ये जी कडी असते, ती या कामाची नाहीच.

भोसरीतले फॅब्रिकेटर कसबी आहेत, यात वाद नाही. पण उत्तम वेल्डिंग केले तरी त्या गाडीची चासी खांबाटकीच्या वळणांवर किती भार सोसेल, हे त्यांनी तरी कशावरून सांगायचे? शिवाय कंपनीच्या मूळ रचनेशी न जुळणारे बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ने बंधन आहे. उसाच्या ट्रॉलीचे उदाहरण इथे हमखास दिले जाते. ट्रॅक्टर ओढण्यासाठीच बनवलेला असतो आणि ट्रॉली हायवेच्या वेगाने पळत नाही, एवढे लक्षात घेतले तरी पुरे.

सत्तर किलोचे शंभर कसे होतात?

समजा, सामानासह ट्रेलरचे वजन ७०० किलो आहे. त्याचा साधारण दहावा हिस्सा, म्हणजे ७० किलो, हूकवर टेकतो. हूक मागच्या चाकांच्याही एक मीटर मागे आणि दोन्ही चाकांमधले अंतर २.७ मीटर असेल, तर तरफेच्या नियमाने मागच्या चाकांवर सुमारे ९६ किलो वाढतात आणि पुढच्या चाकांवरून २६ किलो उचलले जातात. डिकी आधीच भरलेली असेल तर गाडी मागे बसते आणि स्टिअरिंग हलके लागते. म्हणून हा भार घरच्या वजनकाट्यावर लाकडी ठोकळा ठेवून मोजावा. ट्रेलरचे एकूण वजन मालट्रकच्या काट्यावर कळते. भार गाडीच्या मर्यादेबाहेर जाऊ देऊ नये. मात्र तो कमी करण्यासाठी सगळे सामान ट्रेलरच्या शेपटीकडे सरकवणे ही आणखी मोठी चूक. मग ट्रेलर डावी-उजवीकडे झुलू लागतो आणि गाडीलाही सोबत घेतो. तसे झालेच तर स्टिअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटर सोडायचा, करकचून ब्रेक दाबायचा नाही.

अमेरिकी व्हिडिओंत दिसणाऱ्या, भार पुढे वाटून देणाऱ्या जाड सळ्यांचा मोह छोट्या ट्रेलरसाठी टाळावा. त्या मोठ्या ट्रेलरसाठी असतात आणि गाडीच्या सांगाड्यावर वेगळाच ताण आणतात. गोळ्याचे माप मात्र काटेकोर पाहावे. दोन इंची गोळा ५०.८ मिलिमीटरचा, युरोपीय मापाचा ५०चा. दोन इंची पकड ५०च्या गोळ्यावर बसते, पण सैल; हा जेमतेम पाऊण मिलिमीटर खड्ड्यात जाणवतो.

ब्रेक हवाच का?

युरोपात ७५० किलोपर्यंतच्या ट्रेलरला स्वतःचा ब्रेक नसला तरी चालते. पुण्यात राहणाऱ्याने ही सवलत घेऊ नये. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार शहराला चांगलाच माहीत आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे एका मालवाहू वाहनाने अनेक वाहनांना धडक दिली होती. अशा उतारावर मागून ७०० किलोंचा रेटा एकट्या गाडीच्या ब्रेकवर सोडणे शहाणपणाचे नाही. ओव्हररन ब्रेकमध्ये गाडी मंदावली की ट्रेलरचा रेटाच त्याचे ब्रेक लावतो. लांब उतारावर तेही तापतात, म्हणून खालचा गिअर हवाच. सोबत दोन सुरक्षा साखळ्या, जोडणीखाली फुलीसारख्या अडकवलेल्या, आणि ट्रेलर सुटला तर ब्रेक ओढणारी वेगळी तार. हा सगळा संच म्हणजे जोडणी. नुसता गोळा नव्हे.

वाहने तपासणारी ‘एआरएआय’ ही संस्था १९६६ पासून आहे, तीही कोथरूडच्या टेकडीवर. तरीही स्वतःची गाडी किती ओढू शकते, याचे छापील उत्तर इथल्या अनेक गाडीमालकांकडे नाही. कॅरव्हॅन पर्यटन वाढवायचे असेल तर प्रत्येक मॉडेलसाठी ते दोन आकडे जाहीर करणे कंपन्यांना बंधनकारक करावे, आणि गाडी घेणाऱ्यानेही शोरूममध्ये सनरूफच्या आधी ते विचारावेत.