करंगळीला मुंग्या येतात तेव्हा

सकाळी पहिली पाळी भरायच्या वेळेला तुर्भे नाक्यावर उभं राहावं. ठाणे-बेलापूर रस्त्यावरून एमआयडीसीत वळणाऱ्या सायकलींमध्ये काळी, दांड्याची, मागे कॅरियर असलेली सायकल आता क्वचितच दिसते. बहुतेक सायकली जाड टायरच्या, सरळ हँडलच्या, ‘गिअरवाल्या’. दुकानात त्या माउंटन बाइक म्हणून विकल्या जातात. पारसिकचे डोंगर समोर दिसत असले तरी या सायकली जातात सपाट रस्त्यानं, ट्रक-टेम्पोंच्या कडेकडेनं, कारखान्याच्या फाटकापर्यंत.

ही सायकल घेताना गिअर किती, डिस्क ब्रेक आहे का, पुढे शॉकअप आहे का, एवढं सगळं विचारलं जातं. ग्रिप कशी आहे हे मात्र कुणी विचारत नाही. प्रवासभर तळव्यात राहणारी ती मूठ कंपनीनं लावली तशीच, झिजून गुळगुळीत होईपर्यंत वापरली जाते. रोज सायकलवर कामाला जाणाऱ्यानं पहिला खर्च करायचा तर तो ग्रिपवर करावा, असं माझं ठाम मत आहे. चांगली जोडी काहीशे रुपयांत येते.

या सायकलीचा जन्म कॅलिफोर्नियातल्या मरीन परगण्याचा. १९७६पासून तिथली हौशी पोरं जुन्या, जड सायकलींवर मातीच्या उतारावरून शर्यती लावू लागली. उतारावर माणूस पॅडलवर उभा असतो, वजन पायांवर असतं. रुंद हँडल हवं असतं ते सायकल ताब्यात ठेवायला. आपल्याकडे त्याच हँडलवर माणूस बसून, पुढे झुकून, एकाच पकडीत सपाट रस्ता कापतो. मग अंगाचा भार तळहातावर येतो. जुन्या काळ्या सायकलीचं हँडल मागे वळलेलं असायचं. पाठ ताठ, मनगट सरळ, त्यामुळे हाताला हा त्रास फारसा होत नसे.

त्रास कुठे सुरू होतो तेही ठरलेलं आहे. करंगळीच्या बाजूला, तळहाताच्या मुळाशी एका अरुंद वाटेतून एक नस जाते. फेलिक्स ग्युयाँ या फ्रेंच शल्यविशारदानं १८६१मध्ये या वाटेचं वर्णन केलं, आणि आजही ती त्याच्याच नावानं ओळखली जाते. हँडलचा दाब तिथे पडत राहिला की करंगळी आणि अनामिकेला मुंग्या येतात, पुढे चिमटीतला जोर कमी होतो. मुंग्या अंगठ्याला आणि त्याच्या शेजारच्या दोन बोटांना येत असतील, तर मनगटातली दुसरी नस दाबली जाते आहे. सायकलवरून उतरल्यावरही बधिरपणा जात नसेल तर ग्रिप बदलत बसू नये, सरळ डॉक्टरांना दाखवावं. दिवसभर मशीनवर हात चालवणाऱ्यानं तर याची हयगय करूच नये.

आता निवड. माउंटन बाइकचा हँडलचा पाइप टोकाला २२.२ मिलिमीटरचा असतो आणि बहुतेक ग्रिप त्यावर ३० ते ३४ मिलिमीटर जाडीच्या बसतात. हा चार मिलिमीटरचा फरक हाताला चांगलाच कळतो. ग्रिप फार बारीक असली की माणूस नकळत मूठ आवळतो. फार जाड असली की बोटं पुरत नाहीत आणि कोपरापर्यंतचा हात भरून येतो. म्हणून दुकानात मूठ वळून बघावी. मधल्या बोटाचं टोक अंगठ्याच्या मुळापर्यंत जेमतेम पोचलं की जाडी बरोबर. फोमची ग्रिप हाताला मऊ लागते, पण आपल्या दमट हवेत घाम पिते आणि पावसाळ्यात ओली राहते. हलकं रबर घामानं आणि उन्हानं चिकट होतं. बाहेरच्या बाजूला पंख्यासारखी पसरलेली ग्रिप मिळते, ती रोजच्या सपाट रस्त्याला मला सगळ्यात चांगली वाटते, कारण तळव्याच्या कडेला रुंद आधार मिळून दाब विभागला जातो. मातीच्या वाटेवर सायकल नेणाऱ्यानं मात्र साधी गोल ग्रिपच घ्यावी. तिथे हात सारखा हलता लागतो. आणि गिअर मुठीत फिरवायचे असतील तर त्या बाजूची ग्रिप आखूड लागते. हे आधी बघितलं नाही तर नवी जोडी बसतच नाही.

रस्त्याकडेच्या सायकल दुरुस्तीवाल्याकडे हे काम बघण्यासारखं असतं. जुनी ग्रिप तो ब्लेडनं उभी चिरतो, सालीसारखी सोलून काढतो, पाइपवरचा काळा चिकटा थिनरच्या फडक्यानं पुसतो. नवी ग्रिप साबणाच्या पाण्यानं ओली करून पिळत पिळत आत ढकलतो आणि सुकेपर्यंत हात लावू नका म्हणतो. स्क्रूच्या कड्यांची ग्रिप असेल तर एवढा खटाटोप नाही, अ‍ॅलन कीनं आवळली की झालं. पावसातही ती जागची फिरत नाही. पंखावाली बसवून घेताना आपण सीटवर बसावं, ब्रेकवर बोटं ठेवावीत आणि मनगट कोपराच्या रेषेत येईल तेवढाच पंखा वर ठेवायला सांगावं. तो जास्त उचलला गेला तर मनगट मागे मोडतं आणि दुखणं वाढतं.

त्याच वेळी सीटही बघून घ्यावी. तिचं टोक खाली झुकलेलं असलं की अंग पुढे घसरतं आणि सगळा भार पुन्हा हातांवर येतो. टायर दगडासारखा टणक भरला असेल तर रस्त्याचा प्रत्येक हादरा मनगटात पोचतो. किती हवा चालते ते टायरच्या बाजूवर छापलेलं असतं.

आणि हँडलच्या टोकाचं बूच. कितीतरी सायकलींची ग्रिप टोकाला फाटलेली, बूच पडलेलं, पाइपची उघडी गोल धार बाहेर आलेली असते. पडताना तेच टोक पोटात घुसतं. लहान मुलांच्या पोटाला अशा हँडलनं गंभीर इजा झाल्याचं सर्जन लोकांना चांगलं माहीत आहे. संध्याकाळी वस्तीत बापाची हीच सायकल पोरगं चालवतं. बूच अगदी किरकोळ पैशांत येतं. दोन्ही बाजूंना बसवून घ्या, आणि दुकानात नसलं तर मागवायला लावा.