शिक्का मारणारी चाचणी नको, हात देणारी हवी

"कोणतं पोरगं पुढे व्यसनी होईल हे आधीच कळलं तर?" वस्तीत काम करताना हा प्रश्न आम्हाला आई-बापही विचारतात आणि शिक्षकही. काही प्रमाणात कळू शकतं, असं सांगणारं संशोधन आहे. ते डोळे झाकून स्वीकारायचं नाही आणि झटकूनही टाकायचं नाही. आधी तपासायचं, मग मानायचं, हीच बुद्धाची शिकवण.

कॅनडातील मानसशास्त्रज्ञ पॅट्रिशिया कॉनरॉड आणि सहकाऱ्यांनी २३ प्रश्नांची एक व्यक्तिमत्त्व चाचणी तयार केली. "तू दारू पितोस का?" असं ती विचारत नाही. ती स्वभावाचे चार कल मोजते: निराशा, घाबरलेपणाचीच धास्ती, उतावळेपणा आणि थराराची ओढ. ज्या मुलांत एखादा कल जास्त दिसतो, त्यांची शाळेतच ९० मिनिटांची दोन गटसत्रं घेतात आणि तो कल सांभाळायला शिकवतात. लंडनच्या शाळांतल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१३ मध्ये आले. दोन वर्षांनंतरही या मुलांत दारू पिण्याचं प्रमाण कमी होतं. सडलेल्या फुप्फुसांचे फोटो दाखवून घाबरवण्यापेक्षा हे नक्कीच पुढचं पाऊल आहे.

मग आमची हरकत कशाला? चाचणीला नाही, यादीला.

या देशात गुन्हा घडण्याआधीच गुन्हेगारांची यादी बनलेली आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पाळण्यातल्या लेकरावरही शिक्का मारला. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला, पण सराईत गुन्हेगारांचे कायदे मागच्या दाराने आले. आजही कुठे चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी पारध्यांच्या पालांकडे वळते. अशा समाजात 'धोक्यातल्या मुलांची' यादी मुख्याध्यापकांच्या टेबलावरून पोलीस चौकीत जायला किती वेळ लागेल?

आणि चाचणी होणार कुणाची? लाखोंची फी घेणाऱ्या शाळेतल्या मुलांची, की आश्रमशाळा, समाजकल्याणची वसतिगृहं आणि पालिकेच्या शाळांतल्या मुलांची? नशा बंगल्यातही होते. पण तिथे तिला 'ताण' म्हणतात आणि वस्तीत 'संस्कार नाहीत' म्हणतात.

दुसरा प्रश्न निराशेचा. शिष्यवृत्ती महिनोनमहिने अडकलेली, मेसचं बिल थकलेलं, वर्गात "तू कोट्यातून ना?" हा टोमणा. असा पोरगा 'भविष्याची आशा वाटत नाही' यावर खूण करणार नाही तर काय करणार? चाचणी त्याला स्वभाव म्हणेल. आम्ही त्याला अनुभव म्हणतो. रोहित वेमुलानंतर तरी आपल्या मुलांच्या निराशेला निव्वळ स्वभाव म्हणण्याची कुणी हिंमत करू नये. एखाद्या वसतिगृहातली निम्मी मुलं निराश निघाली, तर मुलांआधी वसतिगृह तपासा.

म्हणून आमच्या अटी स्पष्ट आहेत. चाचणी आणायची तर सगळ्या शाळांत आणा. आधी ती मराठीत, आपल्या मुलांवर पडताळा. पालकांना त्यांच्या भाषेत समजावून संमती घ्या. उत्तरं समुपदेशकापलीकडे जाता कामा नयेत. दाखला, प्रवेश, वसतिगृह यांवर त्याचा काडीचाही परिणाम नको. आणि चाचणीनंतर मदत देणारं माणूस नसेल, तर चाचणी घेऊच नका. मदत नसेल तर मागे उरतो तो फक्त शिक्का.

पण बोट फक्त सरकारकडे दाखवून भागणार नाही. पंचशीलातलं पाचवं शील आपण रोज म्हणतो. बाबासाहेबांनी १९५६ मध्ये दिलेल्या २२ प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. तरीही जयंतीच्या मिरवणुकीत कोण झिंगून नाचतं हे आपल्याला ठाऊक आहे, आणि ते पाहणारं दहा वर्षांचं पोरगं कोणत्याही चाचणीआधीच धडा शिकलेलं असतं.

आपल्या विहाराला संध्याकाळी कुलूप असेल तर ते उघडा. अभ्यासिका सुरू करा. गप्प गप्प झालेल्या पोराशेजारी बसा आणि त्याला विचारा, "काय झालं रे?" या प्रश्नाला कुणाच्या परवानगीची गरज नाही आणि त्याची यादीही बनत नाही.

जय भीम!