राखणदारी गावाकडेच हवी

२०२५ च्या जानेवारीत गुहागरच्या पुळणीवर अंडी घालायला आलेल्या एका ऑलिव्ह रिडले कासवाच्या मादीच्या परावर धातूची छोटी पट्टी आढळली. ती पट्टी २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर तिला लावण्यात आली होती. पूर्व किनाऱ्यावरची कासवे वेगळी आणि पश्चिमेची वेगळी, ही समजूत त्या एका पट्टीने हलवली. अख्ख्या द्वीपकल्पाला वळसा घालून या मादीने अंड्यांसाठी रत्नागिरी जिल्ह्याची वाळू निवडली. याच जिल्ह्यात दापोलीच्या किनाऱ्यांवर सुट्ट्यांत मोटारी भरधाव पळवल्या जातात, भरतीत अडकतात आणि मग ट्रॅक्टर लावून ओढून काढाव्या लागतात. कासवाचे घरटे वाळूत जेमतेम दीड फुटावर असते. वरून चाक गेले की वाळू दबते, आणि आतली पिल्ले वर येऊ शकत नाहीत.

रत्नागिरीकडे पर्यटकाला दाखवण्यासारखे किती आहे, हे आता नव्याने सांगायला नको. समुद्र आहे, लेणी आहेत, कातळावर कोरलेली चित्रे आहेत, खाड्यांत मगरी आहेत, सह्याद्रीची किर्र राने आहेत. या सगळ्याची राखण कोण करणार, हे मात्र ठरलेले नाही. पर्यटन विकासाचा विषय निघाला की सरकारी कागदावर पेव्हर ब्लॉक, कमानी, प्रेक्षक गॅलऱ्या आणि विद्युत रोषणाई उमटते. किनाऱ्यावरची रोषणाई कासवाच्या पिल्लाला घातक आहे, कारण रात्री वर आलेले पिल्लू उजेडाच्या दिशेने, म्हणजे एरवी चमकणाऱ्या समुद्राकडे, धावते. मागे दिवे असतील तर ते रस्त्याकडे वळते.

मंडणगड तालुक्यातल्या वेळासने वेगळा मार्ग दाखवून दिला आहे. नाना फडणवीसांचे हे मूळ गाव. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ साली येथे कासव संरक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा घरटे दिसले की अंडी काढून नेणे ही नेहमीची गोष्ट होती. कार्यकर्ते गावात राहिले, लोकांशी बोलत राहिले. अंडी काढणाऱ्या हातांनाच अंडी राखण्याचे काम मिळाले. आज कासवमित्र पहाटे किनारा चालतात. मादीच्या परांनी वाळूत उमटलेला माग ओळखून घरटे शोधतात, शंभराच्या आसपास अंडी अलगद काढतात आणि कुंपण घातलेल्या जागेत तेवढ्याच खोलीच्या, वर अरुंद आणि तळाशी घागरीसारख्या रुंद खड्ड्यात पुन्हा ठेवतात. साधारण पन्नास दिवसांनी पिल्ले बाहेर येऊ लागतात. घरट्यावर पालथी घातलेली टोपली सकाळ-संध्याकाळ उचलून पाहिली जाते. पिल्ले असतील तर ती पाण्यापासून थोडी अलीकडे सोडतात, आणि पाहुणे दोरीच्या मागे उभे राहून पाहतात. एखाद्या दिवशी एकही पिल्लू निघत नाही, आणि पाहुण्यांना तसेच परतावे लागते. हे आधीच सांगितलेले असते.

२००६ पासून येथे कासव महोत्सव भरतो. त्यासाठी गावात एकही मोठे हॉटेल उभारावे लागले नाही. पाहुणा गावकऱ्याच्या घरी उतरतो, पडवीत झोपतो, कुळथाचे पिठले आणि सोलकढी जेवतो, आणि त्याचे पैसे त्या घरातल्या बाईच्या हाती पडतात. कासव टिकले तर पाहुणा येतो, हा हिशोब वेळासच्या घराघराला कळलेला आहे. ऑलिव्ह रिडले वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, तिच्या विणीचे किनारे सागरी नियमन क्षेत्राच्या सर्वांत कडक वर्गात मोडतात. कायदा वेळासला आणि दापोलीला एकच लागू आहे. वेळासमध्ये तो पाळला जातो, कारण तेथे राखणदारी गावाकडे आहे.

सड्यांवरची स्थिती अधिक चिंताजनक आहे. जांभ्याच्या या उघड्या कातळावर कोरलेली कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. त्यासाठी निवडलेल्या नऊ ठिकाणांपैकी सात एकट्या रत्नागिरी जिल्ह्यातली : उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे. कशेळीचा हत्ती सुमारे अठरा मीटर लांबीचा आहे आणि त्याच्या रेषांच्या आत इतर प्राणी व जलचर कोरलेले आहेत. जवळ उभे राहिले तर पायाखाली नुसत्या खोबण्या दिसतात. पूर्ण हत्ती उंचावरूनच नजरेत येतो. ही चित्रे कोणी आणि नेमकी केव्हा कोरली, याचा अभ्यास सुरू आहे. त्यांतली बहुतेक उजेडात आली ती सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाड्यावाड्यांतून गुराख्यांना विचारत केलेल्या पायपिटीमुळे. उक्षीच्या हत्तीभोवती संरक्षक कठडा उभा राहिला, त्यातही गावाचा पुढाकार होता.

पण सातबाऱ्यावर हा सडा बहुतेक ठिकाणी पोटखराबा आहे. म्हणजे महसुली नोंदीत तेथे काहीच नाही. चिरेखाण सुरू करताना कोणाला अडखळायला होत नाही. एक यंत्र दिवसभर चालले की हजारो वर्षांची रेघ चिऱ्यांच्या थप्पीत जाते. याच सड्यावर पावसाळ्यात सीतेची आसवे फुलतात, दवबिंदूसारखी कीटकभक्षी रोपे उगवतात, आणि येथे मुरलेले पाणी उतारावरच्या वाड्यांच्या विहिरींना मिळते. या सड्याला पडीक ठरवणारी नोंद बदलली पाहिजे. ज्या जमीनमालकाच्या कातळावर शिल्प आहे, त्याला ते राखण्याचा मोबदलाही मिळाला पाहिजे. मालकाला फक्त नुकसान आणि पाहुण्याला फक्त आनंद, अशी वाटणी फार काळ टिकत नाही.

दापोली तालुक्यातल्या पन्हाळेकाजीकडे तर पर्यटक फारसे वळतच नाहीत. कोटजाई नदीकाठच्या या २९ लेण्यांत हीनयान, वज्रयान, गाणपत्य आणि नाथपंथ यांच्या खुणा एकाच डोंगरात सापडतात. महाराष्ट्राचा हजारभर वर्षांचा धर्मेतिहास येथे पायी फिरून वाचता येतो. मात्र तो वाचून दाखवणारे कोणी हवे. गावातल्या पाच-दहा तरुण-तरुणींना नीट प्रशिक्षण देऊन वाटाडे म्हणून नेमण्याला कमानीच्या खर्चाचा थोडासाच भाग लागेल. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून हर्णैचा सुवर्णदुर्ग जागतिक वारसा झाला. तेथेही बोटवाल्या कोळ्यांना विश्वासात घेतल्याशिवाय गर्दीचे नियोजन होणार नाही.

घाई करण्याचे कारण रस्ता आहे. आज वेसवीहून खाडीपलीकडच्या बागमांडल्याला जायचे तर गाडी फेरीबोटीत चढवावी लागते, आणि मुंबई-गोवा महामार्गाच्या रखडलेल्या कामाने गर्दीला आपोआप लगाम घातला आहे. रेवस-रेड्डी सागरी महामार्ग आणि त्यावरचे खाडीपूल पूर्ण झाले की वेळास मुंबईकराच्या एका दिवसाच्या टप्प्यात येईल. रस्ता हवाच, कोकणी माणसाने त्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या वाट पाहिली आहे. पण नियम रस्त्याच्या आधी पोहोचले पाहिजेत.

जिल्हा प्रशासनाने येत्या नोव्हेंबरमध्ये कासवांचा हंगाम सुरू होण्यापूर्वी विणीच्या सर्व किनाऱ्यांवर वाहनांना अडसर लावावेत, दंडाची रक्कम ग्रामपंचायतीच्या संरक्षण निधीत जमा करावी आणि प्रत्येक कातळशिल्पाची नोंद सातबाऱ्यावर घ्यावी. ही तिन्ही कामे करण्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.