चिखलाची भरपाई

डिसेंबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने वर्सोवा ते भाईंदर या नियोजित सागरी किनारा मार्गासाठी ४५ हजारांहून अधिक खारफुटीची झाडे तोडण्यास परवानगी दिली. यावर जी चर्चा झाली ती बहुतांशी दोन आकड्यांभोवती फिरली : तुटणारी झाडे किती आणि वाचणारा प्रवासाचा वेळ किती. एक तिसरा तपशील या चर्चेत कडेला पडला. या मार्गात जाणाऱ्या वनजमिनीच्या बदल्यात जे भरपाई वनीकरण करावयाचे आहे, त्यासाठीची जमीन चंद्रपूर जिल्ह्यात आहे. अरबी समुद्राच्या भरती-ओहोटीत उभ्या असलेल्या तिवरांचा मोबदला विदर्भातल्या कोरड्या मातीत दिला जाणार आहे. खारफुटीची काही लागवड किनाऱ्यालगत अन्यत्र करण्याचेही आश्वासन आहे, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. पण मूळ हिशेबाची जातकुळी त्याने बदलत नाही.

हा प्रश्न पर्यावरणवाद्यांनी आणि अभियंत्यांनी सोडवावा, साहित्याच्या अभ्यासकांनी त्यात का पडावे, असे कोणी विचारील. पडावे, कारण हा मुळात भाषेचा प्रश्न आहे. एका शब्दाच्या जागी दुसरा शब्द ठेवून अर्थ तोच राहिला असे जाहीर करणे, ही लबाडी आपण वर्गात रोज उघडी पाडतो. समानार्थी शब्द खरोखर समान अर्थाचे नसतात, हे बी. ए.च्या पहिल्या वर्षाला शिकवायचे आणि शासनाच्या कागदावर 'झाड = झाड' हे समीकरण वाचून गप्प बसायचे, ही विसंगती आपल्याला शोभत नाही.

समीकरण खोटे का, ते पाहू. तिवर, कांदळ, चिपी ही केवळ खाऱ्या पाण्यात तग धरणारी झाडे नव्हेत. तिवराची श्वसनमुळे चिखलातून वर येतात आणि भरतीच्या पाण्याचा वेग मंदावतो. वेग मंदावला की पाण्यातला गाळ खाली बसतो. गाळ बसला की जमीन इंचाइंचाने वर उचलली जाते. समुद्राची पातळी वाढत असताना खारफुटीला जगण्याचे दोनच मार्ग असतात. एक तर गाळाच्या थरांवर स्वतःची जमीन उंच करत जाणे, नाही तर जमिनीच्या दिशेने मागे सरकणे. गाळ तोडला तर पहिला मार्ग बंद होतो. मागे रस्ता, भिंत किंवा इमारत उभी केली तर दुसरा. शिवाय या वनाने साठवलेल्या कार्बनचा मोठा भाग खोडात किंवा पानांत नसतो, तो पायाखालच्या प्राणवायूविरहित चिखलात असतो. चिखल उपसला की शतकांचा साठा हवेत मिसळू लागतो. म्हणजे येथे झाड हे निमित्त आहे, खरी वस्तू चिखल आहे. आणि चिखलाची भरपाई चंद्रपूरला कशी होणार?

या विपर्यासाला कायद्याने नकळत वाट करून दिली, हे अधिक बोचणारे आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी नदीकाठची भरावाखाली गेलेली खाजणे काय काम करीत होती, हे शहराला पाण्यात उभे राहून कळले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात उच्च न्यायालयाने राज्यभर खारफुटीच्या तोडीला बंदी घातली आणि शासकीय जमिनीवरील खारफुटी 'वन' म्हणून घोषित करण्याचा मार्ग मोकळा झाला. २०१२ मध्ये वन विभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष आला. सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालाने तर खारफुटीचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग ठरवला. २०२० मध्ये पांढऱ्या चिपीला राज्य कांदळवन वृक्षाचा मान मिळाला. या साऱ्याचे मोल मोठे आहे. परंतु ज्या 'वन' या शब्दाने खारफुटीला संरक्षण दिले, त्याच शब्दाने तिला विनिमयक्षम केले. वन म्हटले की वनसंवर्धनाचा कायदा आला, तो आला की भरपाई वनीकरण आले; मग कोणतेही वन कोणत्याही वनाच्या बदल्यात चालते. ढालच नाणे झाली.

युक्तिवाद असा केला जाईल की शहराला रस्ता हवा, न्यायालयाने सार्वजनिक हित तोलले आहे, आणि काहीच न लावण्यापेक्षा कुठेतरी झाडे लावणे बरे. रस्त्याच्या गरजेबद्दल येथे वाद घालायचा नाही. रस्ता हवाच असेल तर तसे सांगा. नष्ट होणारी गोष्ट परत मिळणार नाही हेही त्याच दमात सांगा. हानीला हानी म्हणून तिची किंमत मोजणारा समाज एक वेळ सुधारू शकतो. हानीला भरपाई म्हणणारा समाज सुधारत नाही, कारण त्याच्या वहीत काही गमावलेलेच नसते. आमचा आक्षेप कुऱ्हाडीइतकाच या वहीला आहे.

आता आपल्या घराकडे वळू. कामठीत बसून खारफुटीवर लिहिणे अनेकांना हास्यास्पद वाटेल. मराठी समीक्षेने आपल्या मनात प्रदेशांची अशी काही वाटणी करून ठेवली आहे की समुद्र कोकणाचा, जंगल आणि कापूस विदर्भाचा, दुष्काळ मराठवाड्याचा. 'प्रादेशिक साहित्य' या कप्प्याने लेखकांची सोय झाली नाही, अभ्यासक्रम आखणाऱ्यांची झाली. आणि कोकणाच्या वाट्याला जो समुद्र दिला तोही माडांचा, पुळणीचा, होड्यांचा. खाजणातला काळा, वास मारणारा, खेकड्यांनी भोके पाडलेला चिखल 'निसर्गवर्णना'च्या व्याख्येत बसत नाही, म्हणून तो वर्गात फारसा पोचत नाही. जे सुंदर नाही ते पडीक, आणि जे पडीक ते भरावासाठी मोकळे : बांधकाम व्यावसायिकाचा हा तर्क आपल्या सौंदर्यविचाराला फारसा परका नाही, हे कबूल करायला हवे.

वस्तुतः कामठीचे पाणथळाशी नाते भूगर्भाइतके जुने आहे. भूविज्ञानात या गावाच्या नावाने 'कामठी' हा शैलसमूह ओळखला जातो आणि त्यातून ग्लॉसोप्टेरिससारख्या वनस्पतींचे जीवाश्म मिळाले आहेत. परिसरातला दगडी कोळसा म्हणजे पंचवीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या दलदलींत कुजण्यावाचून दबून राहिलेल्या वनस्पती. ती दलदल आपण खणून काढतो आणि कामठी तालुक्यातल्याच कोराडीच्या औष्णिक वीज केंद्रासारख्या भट्ट्यांत जाळतो. त्या धुराने हवा तापते, समुद्र चढतो आणि आजची दलदल बुडू लागते. एका काळच्या पाणथळाने दुसऱ्या काळचे पाणथळ मारण्याचा हा व्यवहार आपल्या अंगणात चालतो; तरी खारफुटी हा आपला विषय नाही, असे आपण म्हणतो.

राखेचाही एक मार्ग आहे. जुलै २०२२ मध्ये कोराडी केंद्राच्या खसाळा येथील राखतलावाचा बांध फुटला आणि राखमिश्रित पाणी शेतांत, वस्त्यांत आणि कोलार नदीत शिरले. कोलार कन्हानला मिळते. कन्हान भंडारा जिल्ह्यात वैनगंगेला, वैनगंगा वर्धेशी मिळून प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत शिरते. गोदावरीच्या मुखाशी, काकीनाड्याजवळ, कोरिंगाचे खारफुटीचे वन आहे. १९७८ पासून ते अभयारण्य आहे. तेलुगू माणूस खारफुटीला 'मड अडवुलु' म्हणतो. कामठीची खरी खारफुटी ती आहे. तिला जो गाळ हवा, त्यातला काही आपल्या नद्यांनी न्यायचा असतो. पेंचवरच्या तोतलाडोहपासून वैनगंगेवरच्या गोसीखुर्दपर्यंत आपण तो अडवतो, आणि गाळाऐवजी राख व शहराचे सांडपाणी पाठवतो. गोदावरीचा त्रिभुज प्रदेश गाळाअभावी झिजतो आहे, असे अभ्यासक बरीच वर्षे सांगत आहेत. धरणांनी सिंचन दिले, हे खरे. पण नदीच्या दुसऱ्या टोकाला काय घडते हे आपल्या हिशेबात कधी आलेच नाही.

येथे चंद्रपूरच्या भरपाईतला उपहास पुरता उघडा होतो. चंद्रपूरचे पाणी बंगालच्या उपसागराला जाते. तेथे लावलेले एकही रोप वर्सोव्याची भरती अडवणार नाही. विदर्भ आणि खारफुटी यांत खरे नाते आहे ते नदीचे आणि गाळाचे. ते आपण तोडत चाललो आहोत. आणि जे नाते मुळात नाही, ते फायलीवर जोडले जात आहे.

याला साहित्याच्या माणसाने काय करावे? निदान आपले काम करावे. मारुती चितमपल्ली यांनी नवेगाव बांधच्या परिसरात राहून पक्ष्यांचे, झाडांचे, तळ्याकाठचे शब्द लोकांच्या तोंडून गोळा केले आणि ते मराठी गद्यात रुजवले. शब्द असला की वस्तू कोणाच्या तरी हिशेबात राहते. खाजण, पाणथळ, तिवर, कांदळ, विदर्भातली माजी मालगुजारी तळी यांचे शब्द आपल्या पाठ्यपुस्तकांत, परीक्षेत, प्रबंधांत यायला हवेत. 'पडीक', 'भरपाई', 'पर्यायी वनीकरण' हे शब्द कवितेच्या ओळीइतक्याच बारकाईने वर्गात वाचले जायला हवेत. एखाद्या कादंबरीच्या अनुवादात 'कांदळ'ऐवजी 'साग' छापले गेले तर आपण अनुवादकाला सोडणार नाही. शासनाने तोच अनुवाद प्रत्यक्ष जमिनीवर केला आहे. त्याची समीक्षा कोण लिहिणार?