भंगारात देण्याआधी चिप वाचा

शाळेच्या किंवा कचेरीच्या डेडस्टॉक रजिस्टरमध्ये जुन्या संगणकाची नोंद बहुधा एवढीच असते : ‘संगणक संच, नग 1’. निर्लेखन झाले की लिलाव आणि लिलाव झाला की भंगार. जाफराबादसारख्या तालुक्याच्या गावी लोखंडी भंगाराचे काय होते ते कोणालाही विचारा. जालन्याच्या पोलाद कारखान्यांना ते लागतेच. पण संगणकाच्या पत्र्याच्या आत हिरवी पाटी असते आणि तिच्यावर प्रोसेसरची चिप. तिचा प्रवास वेगळा. जुन्या सिरॅमिक चिपवर सोन्याचा पातळ मुलामा असतो आणि त्या लोभाने काही ठिकाणी त्या तीव्र आम्लात विरघळवल्या जातात. पाट्या तापवून सुटे भाग काढले जातात. आम्लाच्या वाफा फुफ्फुसे जाळतात, डाखातले शिसे धुळीबरोबर घरात येते आणि लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम करते. हाती येते ते चिमूटभर सोने. चिप दुर्मीळ असेल तर संग्राहक त्या सोन्याच्या कित्येक पट किंमत देतात, हे आम्ल ओतणाऱ्याला माहीत नसते.

म्हणून निर्लेखनाच्या कागदावर सही होण्याआधी कोणीतरी दहा मिनिटे देऊन चिप वाचलीच पाहिजे. यंत्र वीजजोडणीतून काढावे, वरचा पंखा आणि जाळी उतरवावी, वाळलेली पेस्ट मऊ कापडाने पुसावी. खरवडू नये; अक्षरे गेली की ओळख गेली.

पहिली फसगत वर्षाची होते. चिपवरचे ‘85’ हे बऱ्याचदा स्वामित्व हक्काचे वर्ष असते, चिप बनल्याचे नव्हे. अनेक कंपन्यांच्या चिपवर बनावटीची तारीख चार अंकी असते : 9432 म्हणजे 1994 सालचा बत्तिसावा आठवडा. दुसरी फसगत बनावट छपाईची. नव्वदच्या दशकात वरचा थर घासून स्वस्त चिपवर जास्त वेगाचा आकडा छापण्याचे उद्योग झाले. पृष्ठभाग खरखरीत आणि अक्षरे वाकडी असली की शंका घ्यावी.

खरी गंमत विचित्र चिपांची आहे. इंटेलच्या 386 च्या सुरुवातीच्या काही चिप 32 बिटी गुणाकारात चुकत. तपासणीत नापास झालेल्यांवर ‘फक्त 16 बिट सॉफ्टवेअर’ अशा अर्थाचा शिक्का मारून त्या विकल्या गेल्या, पास झालेल्यांवर दोन सिग्मा चिन्हे आली. 1994 मध्ये पेंटियमच्या भागाकारातली चूक जगभर गाजली. ती आजही घरी तपासता येते : 4195835 ला 3145727 ने भागा, उत्तराला पुन्हा त्याच संख्येने गुणा आणि तो गुणाकार मूळ संख्येतून वजा करा. शून्य यायला हवे; सदोष पेंटियमवर 256 येते. ज्यांना ‘पेंटियमचे जनक’ म्हणतात ते विनोद धाम पुण्यात जन्मलेले. पुढे ते नेक्सजेन या छोट्या कंपनीत गेले. त्या कंपनीची एनएक्स586 ही चिप पेंटियमच्या खाचेत बसतच नाही, तिला स्वतःचा बोर्ड लागतो. ती कोणाच्या अडगळीत निघालीच, तर हातोडा बाजूला ठेवावा.

पडद्यावर उमटणाऱ्या नावावर मात्र भिस्त ठेवू नये. पेंटियमच्या काळापासून चिप विचारल्यावर स्वतःचे नाव सांगते. सायरिक्स कंपनीची चिप तर ‘सायरिक्सइन्स्टेड’ म्हणते, म्हणजे इंटेलऐवजी सायरिक्स! त्याआधीच्या बहुतेक चिप मुक्या. 8086 आणि 286 मधला फरक ओळखायला प्रोग्रामला त्यांच्या वागण्यातला बारीक भेद पकडावा लागतो.

महाराष्ट्राचा स्वतःचा वारसाही यात आहे. पुण्याच्या सी-डॅकने 1991 मध्ये उभारलेला परम 8000 हा महासंगणक ट्रान्सप्युटर या ब्रिटिश चिपांवर चाले. त्या काळी ट्रान्सप्युटरची कार्डे साध्या पीसीतही बसवली जात. निरुपयोगी कार्ड म्हणून फेकण्याआधी त्यावरचे ‘टी800’ वाचायला काय हरकत आहे?

‘गावात हे कोण करणार?’ हा प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर अवघड नाही. विज्ञानशिक्षक आहेत, संगणक दुरुस्तीवाले आहेत, मोबाइलचा कॅमेरा आहे. रजिस्टरमध्ये ‘प्रोसेसरवरील मजकूर’ असा एक रकाना वाढवावा आणि चिपचा फोटो जोडावा. उरलेला संच गल्लीतल्या भंगारवाल्याला न देता, एप्रिल 2023 पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनुसार नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे द्यावा. जुना काचेचा मॉनिटर मात्र कोणी उघडू नये. बंद असतानाही त्यात जोरदार झटका देणारी वीज साठलेली असते आणि त्याच्या काचेत शिसे असते.